मत मागू नये

हडपसर, २२ डिसेंबर

ती. उल्काआत्यास,

साष्टांग नमस्कार, पण मनातल्या मनात. दिवसभर जिने चढल्यामुळे कंबर वाकायला तयार नाही.

तू आधी पाकिटावरचं अक्षर तपासशील आणि मग मजकूर वाचशील, हे ठाऊक असून लिहिते आहे. फोनवर तू "बरं" म्हणून ठेवून देतेस आणि मेसेज उघडतच नाहीस. तुझा भाडेकरू केदार रोज इकडे ऑफिसला येतो, त्याच्याबरोबर हे पाठवते आहे. म्हणजे कसब्यात तुला आजच मिळेल.

बातमी अशी की मी रजा टाकून प्रचारात उतरले आहे. महापालिकेच्या निवडणुकीला आमच्या प्रभागातून रतनताई अपक्ष उभ्या राहताहेत. गावठाणात त्यांचं पाळणाघर आहे, आमच्या सोसायटीतली निम्मी मुलं त्यांच्या हाताखाली चालायला शिकली. शाळेसमोरच्या रस्त्यावर सिग्नल हवा म्हणून ही बाई सहा वर्षं अर्ज देते आहे. शेवटी म्हणाली, आता अर्ज उमेदवारीचाच भरते. आत्या, मला इतकं भारी वाटतंय की रात्री झोपताना घोषणा सुचतात.

आमच्या सोसायटीत चारशे बारा फ्लॅट आहेत आणि मागच्या वेळी मतदानाला शंभर माणसंसुद्धा उतरली नव्हती. या लोकांना खाली आणायचं काम माझ्याकडे आहे. पण रतनताईंनी सगळ्या कार्यकर्त्यांना एक अट घातली आहे. त्या म्हणाल्या, "भायेरची बेल वाजवायच्या आदी घरातलं एक मानूस तयार करा. त्याचं मत मला न्हाई मिळालं तरी चालंल, पन त्यानं ते दिलं पायजे."

माझं माणूस तू आहेस. एकतीस वर्षं शाळेत शिकवताना प्रत्येक निवडणुकीची ड्यूटी तू केलीस. निवृत्त झाल्यावर तू आणि काका सकाळी सातला रांगेत पहिले असायचात. आणि काका गेल्यानंतर तू मतदानाला जाणं बंद केलंस, वर दारावर पाटी लावलीस: "मत मागू नये. बेल वाजवू नये. चहा मिळणार नाही." असं का, ते मला सांग. आणि या वेळी जा.

सोबत आमचं पत्रक जोडलं आहे. मीच लिहिलंय, कसं वाटलं ते कळव.

तुझी स्वराली

---

कसबा पेठ, २५ डिसेंबर

चि. स्वरालीस आशीर्वाद. कंबरेला शेक दे.

पत्रक वाचले. परत पाठवत आहे. लाल पेनाने अकरा खुणा केल्या आहेत. "आश्वासन"मधला श्व तू दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिला आहेस, तेव्हा एक तरी बरोबर येईल अशी तुझी योजना असावी. "विकासाभिमुख" म्हणजे काय ते रतनताईंना विचारून मला कळव. त्यांना सांगता आले नाही तर तो शब्द काढ.

बारावी चूक मात्र शुद्धलेखनाची नाही, म्हणून तिला चौकट केली आहे. वर मोठ्या टाइपात तू छापतेस: "तुमचं एकच मत, रतनताईंना!" अगं, तुमचा प्रभाग चार सदस्यांचा आहे. प्रत्येक मतदाराला चार मते द्यायची असतात, अ, ब, क आणि ड या चार जागांसाठी. चारही दिल्याशिवाय मतदान पुरे होत नाही आणि मशीनची ती लांब शिट्टी वाजत नाही. एक बटण दाबून ऐटीत बाहेर पडणारे गृहस्थ मी खुर्चीवरून उठून, हाक मारून परत आणलेले आहेत. त्यात दोन प्राध्यापक होते. तुझे पत्रक वाचून आख्खी सोसायटी तेच करील आणि रांग तुंबून बसेल.

एकाही जागेचा उमेदवार पसंत नसेल तर तिथे "वरीलपैकी कोणीही नाही" दाबायचे, पण दाबायचे. एवढे लोकांना शिकवलेस तरी पुष्कळ झाले.

तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर: इच्छा नाही. पाटी स्वच्छ शब्दांत आहे, तिच्यात सुधारणा नको.

केदार पत्रे नेतो-आणतो, त्याला तिकीट लावू का असे विचारत होता. त्याला विनोद जमत नाही.

उल्का निजसुरे

---

हडपसर, २९ डिसेंबर

ती. आत्या,

पत्रकं पुन्हा छापली! "विकासाभिमुख" काढलं. रतनताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ते काय आसतं मला बी म्हाईत न्हाई, सिग्नल लिही. तर आता नुसतं "सिग्नल" लिहिलं आहे आणि ते जास्त मोठं दिसतंय.

आज त्यांनी अर्ज भरला. पाळणाघरातल्या आया, त्यांच्या सासवा, रिक्षावाले, सगळे मिळून वाजतगाजत गेलो. माझा घसा बसला आहे, तरी मी फोनवर बोलतेच आहे.

पण खरं सांगू? गावठाणात आम्ही दारात उभं राहिलो की लोक आत बोलावतात, भांडतात, गेल्या नगरसेवकाचा राग आमच्यावर काढतात. आणि मी जिथे सात वर्षं राहते त्या सोसायटीत मला कुणी दारही उघडत नाही. गेटवरचा वॉचमन मोबाइलवर विचारतो आणि वरून "डिक्लाइन" येतं. मी राहते तिथे, आत्या! जे उघडतात ते म्हणतात, माझ्या मताने काय फरक पडतो. एक जण म्हणाला, मी मूळचा अकोल्याचा, इथल्या गटाराशी माझा काय संबंध. त्याच्याच पार्किंगमध्ये ते गटार तुंबतं. मी तावातावाने दहा मुद्दे सांगितले. त्याने सगळे ऐकले, "व्हॅलिड पॉइंट" म्हणाला आणि दार लावलं.

पटतं सगळ्यांना, पण उठत कुणीच नाही. याला काय करायचं? तू एकतीस वर्षं टेबलाच्या पलीकडून माणसं बघितलीस.

आणि "इच्छा नाही" हे उत्तर मी नापास करते आहे. कारण लिहिलेलं नाही.

स्वराली

---

कसबा पेठ, ३१ डिसेंबर

चि. स्वरालीस आशीर्वाद.

मुद्दे सांगणे बंद कर. मुद्द्याने माणूस गप्प होतो, जागचा हलत नाही.

टेबलापलीकडून जे दिसले ते सांगते. अडाणी बाई केंद्रात यायची आणि सरळ विचारायची, बाई, कुठं दाबू. शिकलेला माणूस विचारत नाही. चार जागा आहेत, कुठल्या रंगाच्या कागदावर कोण आहे, आपले केंद्र कुठल्या शाळेत आहे, यातले त्याला काही ठाऊक नसते. चारचौघांत ते उघडे पडेल याची लाज वाटते, म्हणून तो म्हणतो, काय फरक पडतो. लाजेने माणूस घरी बसतो, आणि त्याला तत्त्वाचे नाव देतो. हे मला चांगले माहीत आहे.

तेव्हा त्यांचा सराव घे. क्लबहाउसात चार खोकी मांड. अ जागेला पांढरा कागद असतो, ब जागेला गुलाबी, क जागेला पिवळा, ड जागेला निळा. त्याच रंगांच्या चिठ्ठ्या कर. प्रश्न मात्र सोसायटीतले घाल, ज्यावर लोक खरोखर भांडतात असे चार. यादी, शाई, पडदा, सगळे रीतसर. चारही चिठ्ठ्या टाकल्यावर कुणीतरी लांब शिट्टी वाजवायची.

एक अट. त्या खोलीत रतनताईंचे नाव निघता कामा नये. पत्रक नाही, चिन्ह नाही, तुझा तो उत्साही चेहराही शक्यतो नाही. मत कसे द्यायचे हे शिकवणाऱ्याने कुणाला द्यायचे हे सांगितले की लोक दोन्ही विसरतात.

मला नापास करण्याचा अधिकार तुला कुणी दिला?

उल्का निजसुरे

---

हडपसर, ४ जानेवारी

ती. आत्या,

आत्या, आत्या, आत्या! कुठून सुरू करू?

काल चिन्ह मिळालं, कपबशी. रतनताई म्हणाल्या, बरं झालं, दाखवायला घरोघर आयतीच आसती. आणि आज सकाळी क्लबहाउसात तुझं सराव मतदान झालं. मला वाटलं होतं तीस-चाळीस येतील. दोनशे सदतीस आले! रांग बॅडमिंटन कोर्टापर्यंत गेली. लिफ्टमध्ये संगीत हवं की नको, पाहुण्यांच्या गाड्या कुठे, बागेतल्या झोक्यावर मोठ्यांनी बसावं का, आणि गेटवरच्या कुत्र्याचं नाव काय. कुत्र्यावरून तर सकाळीच दोन विंगांत तट पडले. ब्रूनो की खंडू. मोजल्यावर जिंकलं "वरीलपैकी कोणीही नाही". आता सगळे त्याला नोटा म्हणतात आणि तो शेपटी हलवतो.

तू म्हणालीस तस्संच झालं. अकोल्याचा तो गृहस्थ पांढरी चिठ्ठी टाकून निघाला, शिट्टी वाजेना, सगळे हसले, तो लाजला, परत आला आणि उरलेल्या तीन टाकल्या. मग माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, आपलं खरं केंद्र कुठल्या शाळेत असतं हो. मी रतनताईंचं नाव काढलं नाही. शप्पथ. मागेच उभी होते, चेहरा लपवून.

आता खरी गोष्ट. दुपारी मी मोबाइलवर मतदार यादीत सगळ्यांचे क्रमांक शोधून देत बसले होते, म्हणून सहज तुझाही शोधला, म्हटलं चिठ्ठी पाठवू. आत्या, तुझं नावच नाही. आणि काकांचं आहे! गोपाळकृष्ण निजसुरे, वय ऐंशी, यादीत ठणठणीत. तुला मयत दाखवून काढून टाकलंय. म्हणून तू जात नव्हतीस! अगं, सांगायचंस ना. मी इतके दिवस तुला तुसडी समजत होते, मला माझीच लाज वाटते आहे.

पण आता बघच. आमच्या टीममधला अर्णव व्हिडिओ बनवतो आहे. "एकतीस वर्षं निवडणुकीचं काम करणारी शिक्षिका, आणि यंत्रणेनं तिलाच जिवंतपणी मारलं." तुझा शाळेतला ग्रुप फोटो आहे माझ्याकडे. अर्णव म्हणतो हा एका दिवसात पुणंभर फिरेल, आणि शेवटी कपबशी दिसेल. उद्या संध्याकाळी सहाला टाकणार. केदारला सुट्टी असूनही मुद्दाम बोलावून हे पत्र देते आहे.

तुझीच स्वराली

---

कसबा पेठ, ५ जानेवारी, सकाळी

स्वराली,

तो व्हिडिओ थांबव. केदारला सांगितले आहे की ऑफिसात जाण्याआधी हे तुझ्या हातात द्यायचे.

मला कोणीही मारलेले नाही. मीच मारले.

हे गेले त्यानंतर महिन्याभराने मी नाव वगळण्याचा अर्ज भरला. रीतीप्रमाणे भरावा, मागे काही राहू नये, अशी माझी सवय. अर्जात दोन रकाने असतात. एकात अर्ज करणाऱ्याचे नाव, दुसऱ्यात ज्याचे वगळायचे त्याचे. दोन्ही रकान्यांत मी सुवाच्य अक्षरात लिहिले, आणि उलटे लिहिले. मयत: उल्का गोपाळकृष्ण निजसुरे. खाली माझीच सही. नोटीससुद्धा आली होती. ती मी न वाचता यांच्या कागदांत ठेवून दिली. उभ्या जन्मात मुलांना सांगत आले की पेपर देण्याआधी एकदा वाचा.

पुढच्या निवडणुकीला सकाळी सातला गेले. टेबलावर एक तरुण मुलगा होता, नम्र होता. यादीवर पट्टी धरून म्हणाला, "आजी, तुमचं नाव दिसत नाही. गोपाळकृष्ण आहेत. त्यांना पाठवा."

मी बरे म्हणून घरी आले. एकतीस वर्षे मीही लोकांना असेच सांगत होते, नाव नाही, पुढे चला. दुसऱ्या दिवशी पाटी करून आणली.

हे तुझ्या वडिलांनाही ठाऊक नाही. लाल पेन घेऊन साऱ्या गावाच्या चुका काढणाऱ्या बाईने स्वतःचे नाव चुकीच्या रकान्यात लिहिले, हे कुणाला सांगणार होते मी? तुला सांगते आहे, कारण सहाला तू खोटे बोलणार आहेस आणि तेही मोठ्या टाइपात.

उल्का

---

हडपसर, ७ जानेवारी

ती. आत्या,

व्हिडिओ गेला नाही. पुसून टाकला. अर्णव चिडला होता, म्हणाला, चूक कुणाची हे कोण तपासणार आहे, आपल्याला हजारभर मतं मिळतील. खरं सांगते, एक मिनिट मलाही मोह झाला. मग त्याच्यासमोर रतनताईंना सगळं सांगितलं. तुझं पत्र दाखवलं नाही, एवढंच म्हटलं की चूक आमचीच आहे. त्या म्हणाल्या, "मंग काय इचारती? सिग्नल खरा हाय, तेवढ्यावर मागायचं. खोट्यावर मिळालं तर पाच वर्सं त्येच सांबाळत बसावं लागंल."

आत्या, तुझं पत्र मी कितीदा वाचलं सांगता येत नाही. "त्यांना पाठवा" या वाक्यापाशी मी केदारच्या ऑफिसच्या बसस्टॉपवर उभी राहून रडले. आणि मग वाटलं, तू मला सराव मतदानाचं पत्र लिहिलंस तेव्हा लाजेचं ते सगळं स्वतःबद्दल लिहीत होतीस. मला कळलंच नाही. दोनशे सदतीस माणसांना मी तुझ्या त्या वाक्यावर खाली आणलं, आणि तुला मात्र अजून आणता आलेलं नाही.

या निवडणुकीची यादी बंद झाली आहे, तुझं नाव आता लागणार नाही. पण पुढच्यासाठी लागेल. दोन कोरे अर्ज पाठवते आहे. एक नवीन मतदाराचा, तुझ्यासाठी. दुसरा वगळण्याचा, काकांसाठी. मी भरून देऊ शकले असते, पण चुका शोधणारी तू आहेस.

पंधराला मतदान आहे. आता पळते, रिक्षा खाली वाजते आहे.

स्वराली

---

हडपसर, १७ जानेवारी

ती. आत्या,

हरलो. सेहेचाळीस मतांनी.

आता पुढचं सांगते, कारण तेही सांगण्यासारखं आहे. आमच्या सोसायटीतून पाचशे अकरा माणसं मतदानाला उतरली. पाचशे अकरा! सकाळी आठला अकोल्याचा गृहस्थ बायको आणि सासूला घेऊन पुढे, मागे झोक्याचा तंटा करणारे दोन्ही गट. नोटा केंद्राच्या शंभर पावलांपर्यंत आला, पोलिसांनी त्याला थांबवलं. आतून सारखी ती लांब शिट्टी ऐकू येत होती आणि एकालाही परत बोलवावं लागलं नाही. रतनताई क जागेला होत्या, पण पिवळ्या कागदावर त्यातल्या सगळ्यांनी कपबशी दाबली नाही, हे उघड आहे. आत्ता लिफ्टमध्ये एक काकू सरळ म्हणाल्या, मी दुसऱ्याला दिलं, पण दिलं. मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं.

अर्णव अजून म्हणतो की व्हिडिओ टाकला असता तर सेहेचाळीस कुठच्या कुठे गेले असते. खरं असेल. निकालानंतर रतनताई पाळणाघरात गेल्या, कारण मुलांना आणायची वेळ झाली होती. जाता जाता म्हणाल्या की सिग्नलचा सातवा अर्ज सोमवारी द्यायचा आहे, निवडून आलेल्यालाच. मी शुद्धलेखन तपासून देणार आहे.

तू काहीच लिहिलं नाहीस. दहा दिवस झाले. केदारला रोज विचारते, तो म्हणतो पत्र नाही, पण आजींच्या खोलीत टेबलावर दोन कागद पेपरवेटखाली आहेत, त्यांना हात लावायला बंदी आहे.

मी आता विचारणार नाही. नुसती वाट बघते.

स्वराली

---

कसबा पेठ, २६ फेब्रुवारी

चि. स्वरालीस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण तुझ्या पत्राचे उत्तर नुसत्या पत्राने द्यायचे नव्हते.

माझा अर्ज मी पहिल्या दिवशीच भरला. आधी पेन्सिलने, मग केदारला मोठ्याने वाचायला लावला, मग पेनाने. दुसरा अर्ज तीन आठवडे तसाच होता. लाज हे कारण मी तुला लिहिले ते खरे आहे, पण अर्धेच. चूक मला दुसऱ्या दिवशीही दुरुस्त करता आली असती. केली नाही. त्या मुलाने म्हटले "गोपाळकृष्ण आहेत", आणि स्वराली, हे कुठेतरी अजून आहेत असे सांगणारा तो एकच कागद होता. मी नाही, ते आहेत. मला तो हिशेब चालत होता. मी तो राहू दिला.

मग तुझे ते सेहेचाळीस आले. ती माझी मते नव्हती, माझा प्रभागच वेगळा. पण हे असते तर म्हणाले असते, उल्का, लोक सेहेचाळीसने हरताहेत आणि तू माझं मत अडवून बसली आहेस, ना मी देतो ना तू. त्यांना असे बोलायची सवय होती. गेल्या महिन्याच्या अखेरीस बसून त्यांचे नाव त्यांच्या रकान्यात लिहिले. मग अर्जदाराच्या रकान्यात माझे नाव लिहिले आणि दोन्ही कागद दोनदा वाचून स्वतः निवडणूक कचेरीत देऊन आले.

तिथली मुलगी अर्ज पाहून म्हणाली, आजी, नवीन मतदार? वय एकाहत्तर? मी म्हटले, हो, पहिलीच वेळ आहे, सांभाळून घ्या.

आज पोस्टमनने कार्ड आणून दिले. फोटो वाईट आहे, नाव शुद्ध आहे. हे पहिले तुला कळवते आहे, कारण रतनताईंची अट तू पुरी केलीस आणि ते त्यांना तू सांगायचे आहेस. त्यांना घेऊन ये. प्रभाग वेगळा असला तरी मला त्या बाईला भेटायचे आहे.

पाटी नवी केली नाही, जुनीवरच लाल रंगाने खुणा केल्या आहेत. येशील तेव्हा दिसेलच, पण तुला धीर नाही म्हणून उतरवून देते:

"मत मागावे. बेल वाजवावी. चहा कपबशीत मिळेल."

तुझी आत्या